परत आलेली तीन मशिनं

रविवारी दुपारी तीनला बोलायचंच, असं थोरल्याने गुरुवारी ठरवलं होतं. तीन वाजून वीस मिनिटांपर्यंत त्याने चारदा हात धुतले, रेडिओ बंद करून पुन्हा लावला आणि कोपऱ्यात वर्षभर पडून असलेल्या एका कात्रीला धार लावली. बोलला मात्र अवाक्षर नाही.

"अहो, आज होणार आहे का हे?" त्याच्या बायकोने दारातूनच विचारलं. शाळेत शिकवून शिकवून तिचा आवाज असा झाला होता की ती कुजबुजली तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचावं. "वाक्य लिहून दिलंय मी. वाचून दाखवलंत तरी चालेल."

कागद खिशात होता. 'आत्या, आता तू आराम कर, पासचं स्टूल मी सांभाळतो.' मोजून नऊ शब्द. अठ्ठावन्न वर्षांच्या बाप्याला नऊ शब्द तोंडातून काढता येऊ नयेत, याचा त्याला स्वतःचाच राग येत होता. पण समोर आत्या बसली होती ना.

दुकानाच्या मधोमध ते उंच लाकडी स्टूल, त्यावर आत्या. पाठ ताठ, चष्मा कपाळावर, पदर खोचलेला. या दुकानात शिलाई मशिनं दुरुस्त होतात. दुरुस्ती थोरला करो की धाकटा, आत्याने पास केल्याशिवाय एकही मशीन उंबरा ओलांडत नाही. ती मशीन चालवून बघते, टाका उलटसुलट निरखते, मग स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या मानेवर टेकवते आणि मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडावर. डोळे मिटते. आत काही ठकठकत असेल तर तिला कळतं. काही नसेल तर खडूने बरोबरची खूण. तिच्या भावाच्या, म्हणजे या दोघांच्या वडिलांच्या काळापासूनचा हा शिरस्ता. वडील गेल्यावर दुकान विकायला निघालेल्या नातेवाइकांना तिने याच स्टुलावरून कसं वाटेला लावलं, ते घरात सगळ्यांना पाठ आहे.

पण आता आत्या एक्क्याऐंशीची. दोन वर्षं झाली, दाराची घंटा तिला ऐकू येत नाही. फोन बोंबलत असतो आणि ती चार हातांवर बसून निवांत सुईत दोरा ओवत असते. आणि या महिन्यात जे कधी झालं नव्हतं ते झालं. तिने पास केलेली तीन मशिनं परत आली. एक, दोन नाही, तीन.

थोरल्याने ती भिंतीशी ओळीने मांडून ठेवली होती. हात लावला नव्हता. पुरावा होता तो.

"आज सांगतो," तो बायकोला म्हणाला. "धाकटा आला की सांगतो. उगाच म्हणायला नको त्याने, की माझ्या पाठीमागे ठरवलं."

"म्हणजे भांडण करूनच सांगायचं म्हणा ना," बायको म्हणाली आणि आधण ठेवायला आत गेली.

धाकटा आला तो साडेतीनला, लेकीला घेऊन. त्याची बायको माहेरी गेली होती, नाहीतर या प्रकरणाला आणखी एक बाजू फुटली असती. लेक कान तपासायच्या दवाखान्यात कामाला. घरात सगळे तिला कानवाली म्हणतात. तिला ते नाव आवडत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच म्हणतात.

धाकट्याने भिंतीकडची तीन मशिनं पाहिली आणि समजायचं ते समजला.

"अच्छा, म्हणजे आज कोर्ट भरलंय," तो म्हणाला.

"कोर्ट कसलं? तीन मशिनं परत आलीत. नाव जातंय दुकानाचं."

"आणि आत्या उठली की स्टुलावर कोण? तू. दुरुस्तही तूच करणार, पासही तूच करणार. मग मी केलेली सगळी नापास."

"तसं कोण म्हणतंय?"

"चेहऱ्यावर लिहिलंय तुझ्या, दादा."

आता खरं सांगायचं तर धाकट्याला आत्याच्या कानांचा पुळका आला होता अशातला भाग नाही. आत्या स्टुलावर असली की दोघे भाऊ बरोबरीचे, एवढंच त्याचं गणित. पण माणूस स्वार्थासाठीसुद्धा कधीकधी योग्य बाजूला उभा राहतो, त्याला काय करायचं?

"भाऊजी, जरा विचार करा," थोरल्याची बायको चहाचा ट्रे घेऊन आली. "दाराची घंटा ऐकू येत नाही त्यांना. मशीनच्या पोटात काय वाजतंय ते कसं ऐकणार? परवा गॅसवर दूध उतू गेलं, सुस्कारत होतं, त्या पाठ करून उभ्या."

"वहिनी, दूध आणि मशीन यात फरक आहे."

"आहे ना. दूध उतू गेलं तर ओटा पुसता येतो."

कानवाली दारातच उभी राहून हे बघत होती. खरं तर ऐकण्यापेक्षा बघतच होती, कारण दिवसभर तिचं कामच ते. रेडिओ चालू. डोक्यावर घरघरता पंखा. चहाचे पेले पत्र्याच्या टेबलावर ठणाठण आपटतायत. काका खिडकीकडे पाठ करून उभे, म्हणजे त्यांचा चेहरा आत्याआजीला काळा ठिक्कर दिसणार. आणि तिघं एकाच वेळी बोलतायत. या खोलीत आपल्यालासुद्धा धड काही कळत नाहीये, तिच्या मनात आलं. शिवाय तिघं आजीबद्दल बोलत होते, आजीच्या समोर, आजी म्हणजे कोपऱ्यातलं कपाट असल्यासारखं. तिला फार वाईट वाटलं. रागही आला.

"ती इथे बसलीय," ती म्हणाली.

"कोण?" थोरला म्हणाला.

"आजी, काका. तिच्याबद्दल चाललंय ना? मग तिला विचारा."

"अगं, ऐकू येत असतं तर विचारलं नसतं का?"

कानवालीने रेडिओ बंद केला. पंखा बंद केला. काकांच्या खांद्याला धरून त्यांना खिडकीच्या समोर वळवलं. दुकान एकदम इतकं शांत झालं की थोरल्याला स्वतःचा श्वास ऐकू आला आणि तो जास्तच घाबरला.

"आता बोला. ओरडू नका. तिच्याकडे बघून, सावकाश."

थोरल्याने खिशात हात घातला आणि बोलायचं सोडून कागदच आत्यापुढे केला. बायकोने कपाळाला हात लावला.

आत्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. तिला हे माहीत होतं. गुरुवारपासून माहीत होतं. थोरला लहान असताना काच फोडली की दिवसभर तिच्या नजरेला नजर देत नसे, तसाच चार दिवस फिरत होता. वर ती तीन मशिनं. त्यांच्यावर तिची खूण होती आणि त्यांना कुणी हात लावत नव्हतं. स्टूल जाणार, एवढं तिला ऐकू न येताही कळलं होतं. चार दिवस घास गोड लागला नव्हता. स्टुलावरून उतरल्यावर घरात कुठे बसायचं? खिडकीत? येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत? ते तिला जमणारं नव्हतं.

तिने कागद वाचला, घडी घातली आणि थोरल्याच्या बायकोच्या हातात दिला.

"अक्षर तुझं आहे," ती म्हणाली. "ऱ्हस्वदीर्घ बरोबर आहे सगळं." मग थोरल्याकडे वळली. "तुला सांगायचंय ना? मग तोंडाने सांग."

थोरल्याने सांगितलं. नऊच्या नऊ शब्द. शेवटचे दोन रडवेल्या आवाजात निघाले. आत्याला त्यातलं 'स्टूल' तेवढं ओठांवरून कळलं. तेवढं पुरे होतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आधी त्यातलं एक इकडे आण."

"आत्या, कशाला आता..."

"आण म्हटलं ना."

धाकट्याने पटकन पहिलं मशीन उचलून तिच्यापुढे ठेवलं. त्याला भावाची फजिती व्हायला हवीच होती. आत्याने दोरा घातला, चिंधी लावली आणि मशीन चालवलं. मग स्क्रूड्रायव्हर मशीनच्या मानेवर टेकवून मूठ कानामागे धरली. डोळे मिटले. थोरल्याची बायको बघत होती. वीस वर्षं बघत आली होती, पण आज पहिल्यांदाच तिला वाटलं, आत्यांनी नापास होऊ नये. वाटलं आणि तिला स्वतःचंच नवल वाटलं, कारण वाक्य तर तिनेच लिहून दिलं होतं.

"आवाज ठणठणीत आहे," आत्या म्हणाली. तेवढ्यात कट् करून दोरा तुटला. आत्याने डोळे उघडले. "पावतीवर काय लिहिलंय तक्रारीत?"

थोरल्याने पावती उलटून पाहिली. पहिल्यांदाच पाहिली. "दोरा तुटतो."

"आणि त्या दोन्हीवर?"

धाकट्याने वाचलं. "दोरा तुटतो. दोरा फार तुटतो."

"खडखडतं असं कुणी लिहिलंय?"

कुणी नव्हतं लिहिलं. कानवालीने काकांकडे पाहिलं. काका पावतीकडेच बघत राहिले. आत्याचे कान गेले हे एकदा डोक्यात बसल्यावर पावती वाचायची गरजच कुणाला वाटली नव्हती.

आत्याने मशीन आडवं केलं. त्याच्या पोटाशी, जिथे कुणी कधी बघत नाही, खडूने बारीक आकडा लिहिला होता. चार. मग मशीन सरळ करून तिने दोऱ्याच्या टेन्शनची चकती दाखवली. काटा सातावर होता, म्हणजे दोरा तुटेल इतका ताण.

"मी चारावर पास केलं होतं. बरोबरची खूण तुमच्यासाठी, पोटावरचा आकडा माझ्यासाठी. चाराचे सात कसे झाले?"

आत्या एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. घाई तिला नव्हतीच.

थोरल्याने तळहातावर बोटाने एक काढून दाखवला. "मी एक आकडा वाढवला," तो म्हणाला. आत्याकडे बघून, सावकाश. "तू पास केल्यावर. मला वाटलं, तुला नीट ऐकू येत नाही, शिलाई सैल निघाली तर? बाबा म्हणायचे ना, शंका आली तर एक आकडा वाढव."

"पाच झाले," आत्या म्हणाली. तिने तो तळहातावर काढलेला एक बघितला होता, बाकीचं ओळखलं होतं. "पुढे?"

थोरल्याच्या बायकोने पदर सारखा केला. "पॅकिंग मी करते," ती म्हणाली. "मी पण एक वाढवला. तुमची काळजी म्हणून हो. ह्यांना कुठे लक्ष असतं, म्हटलं आपणच बघावं."

"मला लक्ष नसतं?" थोरला म्हणाला.

"थांबा हो, एका वेळी एकाने," कानवालीने त्याला गप्प केलं आणि बापाकडे वळली. "बाबा?"

"काय बाबा?" धाकटा म्हणाला. "मी काय केलं?"

"सहा झालेत. मशीन पोचवायला तू जातोस."

धाकट्याने छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, आणि मग हरला. "ग्राहकाच्या दारात उघडून एक वाढवायचो. बाबा म्हणायचेच तसं. पण कशासाठी? तर दादाला बोलायला जागा राहू नये म्हणून. आत्याचं मशीन परत येऊ नये म्हणून."

"आणि आणलंस परत," थोरला म्हणाला.

"तिघांनी मिळून आणलं," धाकटा म्हणाला. "एकट्याच्या माथी मारू नका."

बाकीची दोन मशिनं आडवी केली. पोटावर चार आणि साडेतीन. चकत्यांवर सात आणि साडेसहा. हिशेब अगदी चोख लागला. कानवाली आधी हसायला लागली, मग वहिनी, मग धाकटा, आणि थोरला हसता हसता खाली बसला, त्या पत्र्याच्या टेबलावरच, आणि चहाचा पेला लवंडला.

"मग स्टूल?" आत्याने विचारलं. ती हसली नव्हती.

थोरला उठला. तिच्यासमोर, उजेडात येऊन उभा राहिला. "तुझं," तो म्हणाला. "चुकलं माझं. तू उठशील तेव्हाच दुसऱ्याचं."

"नक्की?"

"नक्की."

"हे सगळे ऐकतायत."

"ऐकू देत."

आत्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मांडीवर दोन्ही हात ठेवले. आणि मग एकदम म्हणाली, "बरं, मग आता सांगते. मला ऐकू येत नाही."

घरात हे वाक्य तिने कधीच उच्चारलं नव्हतं. दोन वर्षं कुणी विचारलं की 'येतं की', 'तूच तोंडातल्या तोंडात बोलतोस', 'लक्ष नव्हतं'. कानवालीने तीनदा दवाखान्यात बोलावलं होतं, तीनदा तिचे गुडघे दुखत होते.

"मशीन येतं," आत्या म्हणाली. "हाडातून येतं, पूर्वीसारखं. माणसं येत नाहीत. सांगितलं असतं तर त्याच दिवशी खाली उतरवलं असतंत."

थोरल्याने मान डोलावली. कारण ते खरं होतं.

कानवाली मात्र कामाला लागली होती. पिशवीतून तिने दोन दात्यांचा लोखंडी काटा काढला, गुडघ्यावर आपटून गुणगुणता केला आणि त्याचा दांडा आत्याच्या कानामागे टेकवला. आत्याने मान हलवली, येतंय. मग तोच काटा कानासमोर धरला. आत्याने भुवया उंचावल्या. काही नाही.

"बघितलंत?" कानवाली सगळ्यांकडे वळली. "आतलं यंत्र अजून बरंच चालू आहे. बाहेरून आत जायची वाट कुठेतरी अडलीय. मळ असेल, किंवा दुसरं काही. ते डॉक्टर बघून सांगतील. मंगळवारी मी घेऊन जाणार." मग आत्यासमोर येऊन, सावकाश, "मंगळवारी. गुडघे दुखले तरी."

"आणि तोपर्यंत?" थोरल्याच्या बायकोने विचारलं. आता तीच सगळ्यात पुढे सरसावली होती.

तोपर्यंतसाठी पिशवीत काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी होती, तिला एक माइक आणि कानावर चढवायची जोडी. दवाखान्यातून दोन दिवस वापरायला आणलेली. डबीला आवाज कमीजास्त करायचं चाक होतं. थोरल्याने ती हातात घेतली, उलटी केली, आणि त्याचा दुसरा हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे गेला.

"काका," कानवाली म्हणाली. "तेल नाही."

"चाक जड फिरतंय."

"तसंच असतं. ठेवा ते."

"आणि चाक मी फिरवीन," आत्या म्हणाली. हे तिने कसं ओळखलं कोण जाणे. "माझ्यामागे कुणी एक आकडा वाढवायचा नाही."

मग संध्याकाळभर घराची दुरुस्ती चालली. दोन मेकॅनिक आणि एक मास्तरीण एखाद्या कामावर पडली की काय होतं ते विचारू नका. धाकट्याने दाराच्या घंटेला एक लाल दिवा जोडला, घंटा दाबली की स्टुलासमोर लागणारा. मग तो चालतो का हे बघायला सतरा वेळा घंटा दाबली. थोरल्याने फोनचा आवाज शेवटापर्यंत वाढवला आणि फोन खिडकीतून उचलून आत्याच्या हाताशी आणला. त्याच्या बायकोने पत्र्याच्या टेबलावर जुनी रजई घातली, वर चादर, म्हणजे ताटवाट्यांचा खणखणाट मरेल. आत्याची जेवायची जागा बदलली. पाठ भिंतीला, दिवा समोरच्यांच्या तोंडावर. वहिनीने नियमही करून टाकला. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी हात वर करायचा. धाकटा म्हणाला, आम्ही काय पहिलीत आहोत का? वहिनी म्हणाली, वागता तसे.

साडेसातला सगळे जेवायला बसले. आत्याने कानांवर जोडी चढवली, डबी ताटाशेजारी ठेवली आणि माइक टेबलाच्या मधोमध. चाक थोडं फिरवलं, थांबली, आणखी थोडं फिरवलं. चेहऱ्यावरून काही कळेना.

"येतंय का, आजी?" कानवालीने नेहमीच्या आवाजात विचारलं.

"येतंय," आत्या म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "थोरल्या, तू जेवताना फार आवाज करतोस."

धाकटा फस्सकन हसला. थोरला ओशाळला, पण त्याला इतकं बरं वाटलं की त्याने पुढचा घास मुद्दाम तसाच खाल्ला.

"एक सांगू का?" आत्या म्हणाली. तिने हात वर केला होता, नियमाप्रमाणे. "दोन वर्षं तुम्ही इथे बसून हसता. मी पण हसते. तोंडं बघून. सगळे हसले की हसायचं. कशाला हसलो ते एकदाही कळलं नाही मला."

थोरल्याच्या बायकोला भरून आलं आणि तिने ते लपवलंही नाही, सरळ डोळे पुसले. किती वेळा तिने आत्याला हसताना पाहून मनात म्हटलं होतं, बरं आहे, ह्यांना करमतंय.

"तर आज सांगा," आत्या म्हणाली. "काय असतं एवढं हसायला?"

आता आली का पंचाईत? दोन वर्षांत कशाला हसलो ते काहीच कुणाला आठवेना. शेवटी धाकट्याने हात वर केला. परवाचंच होतं. एका शिंप्याने त्याला तातडीने बोलावलं होतं, मशीन टिकटिक करतंय म्हणून. याने मशीनचा सांगाडा मोकळा केला, शटल काढलं, पट्टा काढला, सगळं जमिनीवर मांडलं, तरी टिकटिक चालूच. मशीन जमिनीवर सुटं पडलंय आणि तरी टिकटिकतंय. शिंपी घाबरून बायकोला हाक मारायला लागला. मग बायको आली, तिने मशीनच्या टेबलाचा खण उघडला आणि आतून गजराचं घड्याळ काढून घेऊन गेली. एक शब्द बोलली नाही.

धाकट्याने शिंप्याचा चेहरा करून दाखवला. कानवाली हसली, वहिनी हसली, थोरल्याला तर ठसकाच लागला. सगळ्यांनी हसता हसता आत्याकडे पाहिलं.

आत्या शांतपणे जेवत होती. शब्दन्‌शब्द तिला ऐकू आला होता.

"यात हसण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली. "खण आधी बघायचा असतो. दुसरं सांग काहीतरी, हे काही बरं नाही."